मोड परत आरजीबी केला तरी गेलेले रंग का येत नाहीत?

प्रश्न असा आलाय: "काका, मी बडोद्यात एका छोट्या स्टुडिओत काम करते. गरब्याचे पास फोटोशॉपमध्ये आरजीबीत केले. प्रेसवाल्यांनी सीएमवायके फाइल मागितली म्हणून मोड बदलला, तर राणी रंग आणि निळा एकदम मेले. घरच्या लॅपटॉपवर कंट्रोल झेड नीट चालतं, पण स्टुडिओतल्या मशीनवर दोनदा दाबलं की पुन्हा तेच फिके रंग समोर. फाइल बंद करून उघडली आणि मोड परत आरजीबी केला, तरी रंग आले नाहीत. एकदा तर मोड बदललाच नव्हता, तरी अख्खं डिझाइन फिकं दिसायला लागलं आणि अंडू, म्हणजे कंट्रोल झेड, ढिम्म. हा सॉफ्टवेअरचा बग आहे का?"

बग नाही. आरजीबी म्हणजे पडद्याचे लाल, हिरवा, निळा; सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाया: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. तुझ्या एका प्रश्नात तीन निरनिराळ्या भानगडी आहेत आणि तिघींचा इलाज वेगळा. रावपुऱ्यात आमच्या टेबलावर येणाऱ्या फायलींत यातली एखादी हमखास निघते. नवरात्राच्या आधीच्या पंधरवड्यात तर विचारूच नकोस.

मधली भानगड आधी घेतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. फोटोशॉपचं अंडू कुठलाही हिशेब उलटा करत नाही. तू एखादी पायरी केलीस की त्याआधीची चित्राची अवस्था ते बाजूला ठेवून देतं, आणि कंट्रोल झेड मारलं की ठेवलेली अवस्था उचलून समोर आणतं. म्हणून मोड बदलल्यावर लगेच अंडू केलंस तर रंग अंकन् अंक परत मिळतात. इमेज मेन्यूत जाऊन मोड पुन्हा आरजीबी करणं हा प्रकारच निराळा. तिथे मागे जाणं नाही, पुढचं आणखी एक रूपांतर आहे. त्या वेळी फोटोशॉपच्या हातात फक्त सीएमवायकेचे आकडे असतात आणि त्यावरून ते नवे आरजीबी आकडे काढतं. आधी तिथे काय होतं, याचा त्याला पत्ता नसतो.

हे स्वतः करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे. कलर सेटिंग्जमध्ये फोटोशॉपच्या मूळ अमेरिकन सेटिंग्ज ठेव, म्हणजे पडद्यासाठी एसआरजीबी आणि छपाईसाठी यूएस वेब कोटेड स्वॉप. नवीन आरजीबी फाइल घे, तिच्यात शुद्ध निळा भर: लाल ०, हिरवा ०, निळा २५५. इन्फो पॅनेल उघडं ठेव. मोड सीएमवायके कर. आकडे येतील सायन ८८, मॅजेंटा ७७, पिवळा ०, काळा ०. आता मोड परत आरजीबी कर. २५५ चा निळा परत येत नाही; येतो साधारण ५७, ८३, १६४, म्हणजे शाळेच्या गणवेशातला निळा. राणीच्या जवळचा, पडद्यावर झगझगणारा मॅजेंटा घे, २५५, ०, २५५. तो सीएमवायकेत २७, ८२, ०, ० होतो आणि परतताना १८५, ८२, १५९ च्या आसपास येऊन थांबतो. शुद्ध हिरव्याचं तेच: ६३, ०, १००, ० आणि परत येताना १०५, १८९, ६९. लाल मात्र फारसा हलत नाही. लाल पट्टीवर प्रयोग करून "काही फरक पडत नाही" असं सांगणारे त्यामुळेच भेटतात.

कारण सरळ आहे. पडदा उजेड फेकतो, कागदावरची शाई उजेड गिळते. पडद्यावरचे काही रंग चार शायांना झेपतच नाहीत, आणि राणी, मोरपिशी, विजेसारखा निळा, पोपटी हे सगळे नेमके त्यातले. म्हणजे आपल्याकडच्या चणिया-चोळीचे सगळेच म्हण ना. जे रंग शाईच्या आवाक्याबाहेर आहेत त्यांना प्रोफाइल (कुठल्या आकड्याला नेमका कुठला रंग दिसतो याची नोंद) आवाक्यातल्या जवळच्या रंगावर आणून बसवतं. पण खरी हानी फिकेपणाची नाही. बांधणीच्या फोटोत राणी रंगाच्या दहा छटा असतील, तर त्यातल्या सातआठ एकाच ठिकाणी येऊन बसतात आणि ठिपक्यांचा उठाव जातो. नंतर सॅच्युरेशन कितीही ओढलंस तरी सपाट झालेला भाग सपाटच भडक होतो. वेगवेगळ्या छटा एकदा एक झाल्या की त्यांना वेगळं करायला फाइलमध्ये काही उरलेलं नसतं.

आता स्टुडिओतलं मशीन. तिथे बहुतेक जुनं फोटोशॉप आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या सीसी २०१९ च्या आधी फोटोशॉपमध्ये कंट्रोल झेड फक्त शेवटच्या एका पायरीपुरतं होतं: एकदा दाबलं की मागे, पुन्हा दाबलं की तीच पायरी परत. तू दोनदा दाबतेस, म्हणजे मोड बदल काढतेस आणि पुन्हा लावतेस. जुन्या आवृत्तीत एकेक पायरी मागे जायला कंट्रोल, ऑल्ट आणि झेड एकत्र दाबायचं. नव्या आवृत्तीत नेमकं उलट झालंय: साधं कंट्रोल झेड मागे मागे जातं आणि ऑल्टवालं शेवटच्या पायरीवर मागे-पुढे करतं. घरी एक आणि कामावर एक अशी दोन बोटांची सवय कुणालाच जमत नाही. नव्या फोटोशॉपमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्सच्या खिडकीत जुने अंडू शॉर्टकट वापरण्याचा पर्याय आहे, तो घरच्या लॅपटॉपवर लाव. नाहीतर दोन्हीकडे शॉर्टकट विसर आणि हिस्टरी पॅनेलमध्ये माऊसने क्लिक कर. मी दुसरं करतो. यादीत "सीएमवायके कलर" अशी ओळ दिसते, तिच्या वरच्या ओळीवर टिचकी मारली की संपलं.

तिसरी भानगड माझ्या आवडीची, कारण ती पकडायला एक नजर पुरते. वर्ड, एक्सेल वापरणाऱ्याच्या बोटांत रीडू म्हणजे कंट्रोल वाय. फोटोशॉपमध्ये कंट्रोल वाय म्हणजे प्रूफ कलर्स: छापल्यावर कसं दिसेल त्याची पडद्यावरची नक्कल. तू अंडू केलंस, जरा जास्तच मागे गेलीस, पुढे यायला कंट्रोल वाय दाबलंस, आणि सगळं फिकं पडलं. फाइलमधला एकही आकडा बदललेला नाही. चष्मा तेवढा बदललाय. हिस्टरीत चित्रातले बदल नोंदवले जातात, बघण्याची पद्धत नाही, म्हणून अंडूला उलटं करायला काही सापडतच नाही. फाइलच्या नावापुढे बघ: आरजीबी आणि ८ नंतर आणखी एक तिरकी रेघ आणि सीएमवायके लिहिलेलं दिसलं, तर प्रूफ चालू आहे. पुन्हा कंट्रोल वाय दाब, रंग जागेवर. रीडूसाठी शिफ्ट, कंट्रोल, झेड.

याच घरातली दुसरी चूक म्हणजे कलर सेटिंग्ज. कुणीतरी सांगतं, "सेटिंग युरोपचं कर, रंग छान येतात," आणि तू ते बदलतेस. तो बदल एका चित्राचा नसून अख्ख्या प्रोग्रामचा असतो, त्यामुळे तोही हिस्टरीत जात नाही आणि अंडूने सुटत नाही. पुन्हा त्याच खिडकीत जाऊन हातानेच जुनं सेटिंग निवडावं लागतं. नावापुढच्या कंसात आठच्या शेजारी हॅश (#) किंवा चांदणी (*) असते, तिचाही अर्थ लक्षात ठेव. चांदणी असेल तर फाइलचं प्रोफाइल तुझ्या सेटिंगपेक्षा वेगळं आहे, हॅशची खूण असेल तर फाइलला प्रोफाइलच जोडलेलं नाही. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेले फोटो नेहमी शंका घेऊनच उघडायचे. असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल यांत गल्लत करू नकोस: पहिल्यात आकडे तेच राहतात आणि दिसणं बदलतं, दुसऱ्यात दिसणं शक्यतो तेच राहावं म्हणून आकडे बदलतात.

अंडू खरोखर संपतं ते कधी? सेव्ह केल्याने संपत नाही, हा मोठा गैरसमज आहे. फाइल उघडी आहे तोवर सेव्ह मारल्यावरही मागे जाता येतं, इलस्ट्रेटरमध्येही. फाइल बंद केली की हिस्टरी गेली, आणि पॅनेलमध्ये घेतलेले स्नॅपशॉटही तिच्याबरोबर गेले. ते फाइलमध्ये साठत नाहीत. दुसरी मर्यादा पायऱ्यांची. जुन्या फोटोशॉपमध्ये मुळात २० पायऱ्या असतात, नव्यात ५०, आणि परफॉर्मन्सच्या प्रेफरन्समध्ये तो आकडा १००० पर्यंत नेता येतो. पण ब्रशचा एकेक फटका ही एकेक पायरी आहे. मोड बदलून वर मास्क साफ करत बसलीस की वीस फटक्यांत मोड बदलाची ओळ यादीतून वर सरकून गायब. अॅक्शन (नोंदवून ठेवलेल्या पायऱ्यांची मालिका) चालवलीस तर एका बटणात तेवढ्याच पायऱ्या उडतात. म्हणून मोड बदलायच्या आधी हिस्टरी पॅनेलखालच्या कॅमेऱ्यावर क्लिक करून स्नॅपशॉट घ्यायचा. पायऱ्या सरल्या तरी तो वर बसून राहतो. एडिट मेन्यूतलं पर्ज मात्र हात लावायचं काम नाही. मशीन मंद झालं की लोक ते दाबतात, हिस्टरी पुसली जाते आणि त्यावर अंडू नाही.

मोड बदलताना येणारी खिडकी न वाचता एंटर मारू नकोस. लेयर एकत्र करू का, असं ती विचारते. हो म्हटलंस आणि सेव्ह करून बंद केलंस, तर रंगांबरोबर लेयरही गेले. एकत्र केले नाहीस तर स्क्रीन, मल्टिप्लाय असे ब्लेंड मोड सीएमवायकेत वेगळे दिसतात, आणि व्हायब्रन्स किंवा ब्लॅक अँड व्हाइटसारखे अॅडजस्टमेंट लेयर तिथे चालतच नाहीत. दोन्हीकडून पंचाईत आहे, म्हणून मूळ फाइलवर मोड बदलूच नये. इमेज मेन्यूत डुप्लिकेट आहे. आधी त्याने प्रत काढ, प्रतीवर काय हवं ते कर, मूळ पीएसडी आरजीबीतच राहू दे. इंडेक्स्ड कलरच्या बाबतीत तर हे दुप्पट लागू: तिथे लेयर सपाट होतात आणि रंग जास्तीत जास्त २५६ उरतात.

इलस्ट्रेटर आणि कोरलचं दुखणं निराळं, कारण तिथे फोटोपेक्षा काळा मजकूर घात करतो. इलस्ट्रेटरमध्ये अख्ख्या डॉक्युमेंटला एकच मोड असतो. सीएमवायके फाइलमधला मजकूर स्वच्छ काळा आहे, फक्त काळा १००. कुणीतरी "जरा बघू" म्हणून डॉक्युमेंट कलर मोड आरजीबी केला. त्याच अमेरिकन सेटिंगवर तो काळा ३५, ३१, ३२ झाला. चूक लक्षात आली, मोड परत सीएमवायके केला. आता तो काळा झालाय सायन ७०, मॅजेंटा ६७, पिवळा ६४, काळा ७४. पडद्यावर डोळ्याला काही कळत नाही. पण प्लेटा (दर शाईचा एक छपाईचा पत्रा) काढल्या की पासवरची बारीक अक्षरं, अटी, वेळ, गेट नंबर, चारही प्लेटांवर येतात. एकरंगी मशीनवर चार वेळा कागद फिरवणाऱ्या प्रेसमध्ये रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके बसणं, केसभर हललं तरी प्रत्येक अक्षराला गुलाबी-निळी किनार दिसते. शिवाय चार शायांची बेरीज २७५ टक्के, अक्षर वाळायला वेळ लागतो आणि थप्पीत मागे डाग पडतो. मुळातच आरजीबीत केलेला ०, ०, ० चा काळा तर ७५, ६८, ६७, ९० होतो, म्हणजे पूर्ण ३०० टक्के. कंकोत्रीवाल्यांच्या (लग्नपत्रिकावाल्यांच्या) तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथे असतं, आणि शिव्या मशीनमन खातो.

अशा फाइलला अंडू उरलं नसेल तर इलस्ट्रेटरमध्ये एक काळं अक्षर निवड, सिलेक्ट मेन्यूतून सारखा फिल (आत भरलेला रंग) असलेलं सगळं निवड आणि एका फटक्यात काळा १०० कर. सपाट रंगांचं हे एक बरं असतं: आकडा माहीत असला की पुन्हा भरता येतो. दुसऱ्या फाइलमधून कॉपी-पेस्ट करतानाही सावध राहा. आरजीबी फाइलमधला लोगो सीएमवायके फाइलमध्ये चिकटवलास की तो गुपचूप बदलतो आणि कुठलीही खिडकी विचारत नाही. इनडिझाइनमध्ये काम असेल तर फोटो आरजीबीतच ठेव, आणि पीडीएफ काढताना आकडे जपून डेस्टिनेशनला कन्व्हर्ट करण्याचा पर्याय निवड. त्याने फोटो बदलतात आणि काळा १०० असतो तो तसाच राहतो.

कोरलमध्ये एकाच पानावर आरजीबी आणि सीएमवायके वस्तू शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे मोड बदललाय की नाही हे पूर्ण पान बघून कळत नाही. एकेका वस्तूवर क्लिक करून खालच्या पट्टीत फिल बघावा लागतो. शोधा आणि बदला या सोयीत एका कलर मॉडेलचे सगळे फिल दुसऱ्यात नेता येतात. ते चालवण्याआधी सेव्ह अॅज कर, कारण काळ्याचा वर सांगितलेला गोंधळ तिथेही होतो. बिटमॅपचा मोड कोरलमध्ये बदलण्यापेक्षा फोटोशॉपमध्ये बदलून आणावा, असं माझं मत. कोरलच्या अंडूत बिटमॅपच्या कामांची मर्यादा वेगळी आणि अपुरी असते, आणि मोठा फ्लेक्स असेल तर मशीन आधी गुदमरतं.

आता तुझी बंद केलेली फाइल. आशा सोडायच्या आधी काही जागा बघ. पासवरचे फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून (मूळ फोटो आत जपणारा लेयर) ठेवले होतेस का? असतील आणि मोड बदलताना रास्टराइज (साध्या पिक्सेलांत सपाट) केले नसतील, तर लेयरच्या छोट्या चित्रावर डबल क्लिक कर. आतला मूळ फोटो आपल्या आरजीबीतच असतो, बाहेरच्या डॉक्युमेंटने कितीही कपडे बदलले तरी. कोरलची फाइल असेल तर त्याच फोल्डरमध्ये "बॅकअप ऑफ" नावाने सुरू होणारी फाइल शोध. सेव्ह करताना बॅकअप ठेवण्याचा पर्याय चालू असेल तर तिच्यात आधीच्या सेव्हची अवस्था असते, आणि स्टुडिओत लोक तीच फाइल कचरा समजून उडवतात. फोल्डर गूगल ड्राइव्हवर असेल तर तिथे जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. आणि आयोजकांना मंजुरीसाठी पाठवलेला जेपीजी तरी फोनमध्ये असेलच. छापायला तो कामाचा नाही, पण त्यातून सपाट रंगांचे मूळ आकडे आयड्रॉपरने उचलता येतात.

पुढच्या कामाला क्रम बदल. डिझाइन सुरू करायच्या आधी प्रेसला विचार की प्रोफाइल कुठलं, कागद कुठला, शाईची एकूण मर्यादा किती. स्वॉप ३०० टक्क्यांवर थांबतं, युरोपचं फोग्रा ३९ ३३० टक्क्यांपर्यंत जातं, आणि वर्तमानपत्राच्या कागदाला २४० च्या वर दिलंस तर चिखल होतो. कळलं की प्रूफ सेटअपमध्ये ते प्रोफाइल लाव आणि आरजीबीतच काम करताना कंट्रोल वाय अधूनमधून चालू-बंद कर. शिफ्ट, कंट्रोल, वाय दाबलंस तर आवाक्याबाहेरचे भाग करड्या रंगात दिसतात. पहिल्यांदा बघशील तेव्हा अर्धा गरबा करडा दिसेल. तेव्हाच हाताने राणीला थोडा लालाकडे आणि निळ्याला थोडा सायनकडे सरकव, छटा वेगळ्या राहतील असं बघ. यंत्राने केलेल्या तडजोडीपेक्षा डोळ्याने केलेली तडजोड बरी असते. प्रत्यक्ष रूपांतर शेवटी, प्रतीवर, एकदाच. फ्लेक्ससाठी तर आधी विचारच, कारण पुष्कळ फ्लेक्स मशीनचं सॉफ्टवेअर आरजीबी फाइल स्वतः सांभाळतं आणि आपण आधीच सीएमवायके करून त्याचा आवाका कापून देतो.

आणि आयोजकांना पासवर पडद्यासारखाच झगझगीत राणी हवा असेल, तर तो चार रंगांत निघणार नाही हे त्यांना मंजुरीच्या वेळीच सांग. त्याला पाचवी शाई लागते. पँटोन ८०६ सारखा निऑन गुलाबी स्पॉट चॅनेलमध्ये (वेगळ्या शाईसाठीचा वेगळा थर) देता येतो, पण प्लेट एक वाढते आणि दर वाढतो. शिवाय निऑन शाई उन्हात लवकर उडते, त्यामुळे नऊ रात्रींच्या पासाला चालेल, दुकानाच्या पाटीला नाही. पाच रंगांचं मशीन नसेल तर कागद पुन्हा एकदा फिरवावा लागेल, तेव्हा तारीख देण्याआधी प्रेसला फोन करून घे.